माती वारज्याला आणली

वारजे, १६ फेब्रुवारी २०२५

बाई,

तुमच्या गच्चीवरची माती मी वारज्याला आणली आहे. तुम्हाला विचारलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात.

फोन करू नकोस, असं तुम्ही तीन वर्षांपूर्वी सांगितलंत. पत्राविषयी काही बोलला नव्हतात. तुमच्या बिबवेवाडीच्या नव्या घराचा पत्ता दीनानाथ काकांनी दिला. त्यांच्यावर रागावू नका. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणून त्यांच्याकडे सगळ्यांचे नंबर आहेत आणि माझा त्यांनी अजून खोडलेला नाही.

तुम्हाला काय म्हणायचं हे ठरवण्यात पहिला कागद वाया गेला. सौमित्रची बायको होते तोवर 'अहो आई' होतं. घटस्फोटानंतर ते चालणार नाही. शाळेतल्या मुली तुम्हाला बाई म्हणायच्या. जीवशास्त्र मीही तुमच्याकडूनच शिकले, लग्नानंतर, गच्चीवर. म्हणून बाई.

काकांचा फोन गुरुवारी आला.

"तुझ्या सासूबाईंचं ते वरचं जंगल," ते म्हणाले, "बिल्डरचा माणूस राडारोड्यात घालणार आहे. इमारत रिकामी झाली. सोमवारपासून पाडकाम."

मी म्हटलं, सौमित्रला विचारा.

"त्याला फोन करून थकलो. कॅनडात कायम रात्रच असते वाटतं."

"आणि बाईंना?"

"त्यांना विचारलं. म्हणाल्या, टाका." मग ते थांबले. "टाका म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत बसल्या. चहाही विचारला नाही. म्हणजे तो एरवीही विचारत नाहीत. पण एरवी ठरवून विचारत नाहीत, या वेळी सुचलंच नाही."

काल टेम्पो घेऊन गेले. वाफ्यांच्या विटा काढल्या, माती गोण्यांत भरली. टेम्पोवाला म्हणाला, "मॅडम, वारज्याला माती नाय का?" आहे, मी म्हटलं, ही वेगळी आहे. त्यानंतर प्रत्येक सिग्नलला तो वळून गोण्यांकडे बघत होता. आत काहीतरी लपवलंय अशी त्याची खात्री झाली होती.

ती वेगळी कशी, हे तुम्हाला सांगायला नको. त्या गच्चीवर आधी फक्त स्लॅब होता. तुम्ही विटांची कड रचलीत, तळाला उसाचं चिपाड घातलंत, त्यावर पाचोळा आणि स्वयंपाकघरातलं ओलं. वीस वर्षं घरातली सालं वर गेली आणि भाजी खाली आली. विकतची माती एकदाही आणली नाहीत. मी वर्ध्याहून त्या घरात आले तेव्हा हे ऐकून हसले होते. आमच्याकडे माती ही असतेच. ती कोणी तयार करत नाही.

मी इथे वरच्या मजल्यावर भाड्याने राहते. घरमालकीण द्वारकाबाई. इथे पूर्वी त्यांची शेती होती, आता त्यांची इमारत आहे. गच्चीचा एक कोपरा वापरायला त्यांनी हो म्हटलं आहे.

माती माझ्याकडे असायला नको असेल तर कळवा. उत्तर आलं नाही तर ठेवून घेईन.

भाग्यश्री


वारजे, ४ मार्च

बाई,

उत्तर आलं नाही. मी ठेवून घेतली. आणि बहुतेक मारली.

वाफे रचायच्या आधीच द्वारकाबाईंच्या पुतणीची हळद गच्चीवर ठरली. कोपरा नीटनेटका दिसायला हवा होता. मी सगळ्या गोण्यांची तोंडं सुतळीने घट्ट बांधली, टाकीच्या भिंतीला लावून एकावर एक रचल्या आणि वरून ताडपत्री घालून ती चारी बाजूंनी खोचली. ताडपत्रीवर मांडववाल्याने झेंडूच्या माळाही सोडल्या. छान दिसत होतं.

आमच्या वर्ध्याच्या घरी जपायची वस्तू घट्ट बांधून ठेवतात. तूर, सरकी, बाजूला काढलेलं बियाणं. तोंड बांधून झालं की बाबा गोणीवर एक थाप मारायचे. मीही मारली.

हळद झाली, लग्न झालं, मला ऑफिसमधून लवकर सुटता येईना. काल ताडपत्री काढली. प्लास्टिकच्या गोण्या तापलेल्या होत्या. पहिली उघडली आणि सडक्या अंड्यांचा वास आला. आत काळा, चिकट राडा. गांडुळं मेली. ती सगळी गोणीच्या तोंडाशी गोळा झाली होती. जिथे सुतळी होती तिथे.

द्वारकाबाई पदर नाकाला लावून वर आल्या.

"कोन मेलंय हितं?"

"माती आहे."

"माती मरती व्हय? मला नका शिकवू, जलमभर शेती केलीय आमी."

मी पुढच्या गोणीची सुतळी सोडायला घेतली.

"पाडव्याला गुढी हितंच उभारायची हाय. तवर हे गेलं पायजे. न्हायतर तुमीबी बघा दुसरीकडं. पाव्हणे विचारत्यात, वर मटन लावलंय का म्हून."

हवा लागते हे मला माहीत होतं, बाई. तुम्ही शिकवलं होतंत. आतले सगळे श्वास घेतात, म्हणून तर माती हलवायची. पण हात दुसरंच काही शिकलेले होते.

तुमच्या वीस वर्षांची माती मी एका हळदीसाठी घालवली. यात काही उरलं आहे का, आणि असलं तर काय करू, एवढंच सांगा. बाकी काही लिहू नका.

भाग्यश्री


वारजे, १३ मार्च

बाई,

माझंच पत्र परत आलं. आधी वाटलं, न वाचता पाठवलंत. मग आतल्या कागदावर लाल शाई दिसली.

'बहुतेक मारली' याच्याखाली रेघ आहे आणि समासात लिहिलंय: निरीक्षण की अंदाज?

'गांडुळं मेली' याच्या शेजारी: मग आता ती कोणाचं अन्न आहेत?

'तुमच्या वीस वर्षांची माती' यातला 'तुमच्या' तुम्ही खोडलात. तिथे समासात काही नाही.

तळाला: ओलं एकटं ठेवू नये. सुकं मिसळ, भरपूर. सावलीत पसर. पाणी घालू नकोस. आणि त्याखाली, दुहेरी रेघ मारून: उत्तर अपुरे.

सही नाही. नसली तरी चालेल. मी स्वयंपाकघरात उभी राहून हसले. या घरात मी एकटी असताना हसल्याचं मला आठवत नाही.

मग कामाला लागले. ऊन वाढलंय, रसवंत्या सुरू झाल्यात. पुलाजवळच्या रसवंतीवाल्याकडे चिपाड मागितलं. त्याने विचारलं, गाय आहे का? नाही, म्हटलं. म्हैस? नाही. "मग खाणार कोण?" मी म्हटलं, खाणारे खूप आहेत, दिसत नाहीत. त्याने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि दोन पोती भरून दिली. वर म्हणाला, रोज आलात तरी चालेल. पाचोळा समोरच्या सोसायटीतून आणला. तिथला माणूस काडी ओढण्याच्या बेतात होता.

माती ताडपत्रीवर पातळ पसरली आहे. ढेकळं हाताने फोडली. चिपाड मोडून मिसळलं. वास पहिल्या दिवशी वाढला. तिसऱ्या दिवशी तो वेगळा झाला. कमी नाही, वेगळा. हे निरीक्षण आहे.

द्वारकाबाई रोज सकाळी एकदा येऊन उभ्या राहतात.

"हे कुनी सांगितलं करायला?"

"सासूबाईंनी," माझ्या तोंडून गेलं. मग म्हटलं, "म्हणजे, आता सासूबाई नाहीत त्या."

"वारल्या?"

"नाही."

"मंग हायत की."

त्या खाली गेल्या. मी बराच वेळ एकच ढेकूळ फोडत बसले होते.

आता अपुरं उत्तर पुरं करते. गांडुळं आता जिवाणूंचं आणि बुरशीचं अन्न आहेत. गांडुळांनी पाचोळा खाल्ला होता. पाचोळ्याने ऊन धरून ठेवलं होतं. गांडुळांच्या अंगात त्यातलं जे उरलं होतं ते आता यांच्याकडे जातंय. सगळं नाही. दर पायरीला कमी होत जातं. पण मातीतून बाहेर कोणी पडलेलं नाही. जे मेले ते अजून इथेच आहेत, फक्त खाणाऱ्यांच्या जागेवरून खाल्ल्या जाणाऱ्यांच्या जागेवर गेले.

बरोबर असेल तर काही लिहू नका. तुमची पद्धत मला माहीत आहे.

भाग्यश्री


वारजे, २५ मार्च

बाई,

तुम्ही काही लिहिलं नाहीत.

पसरलेली माती परवा पुन्हा एकत्र केली. चिपाड, पाचोळा, घरातली सालं, असे थर दिले आणि ढीग लावला. आज सकाळी त्यात कोपरापर्यंत हात घातला. आत गरम आहे. बाहेरच्या उन्हाचं ते नव्हे. सकाळची वेळ होती, वरचा पाचोळा गार होता. हात तसाच आत ठेवून मी बसून राहिले. वास आता जवळजवळ नाही.

त्या डिसेंबरातही तुम्ही मला असाच हात घालायला लावला होतात.

मला दवाखान्यातून घरी आणून आठवडा झाला नव्हता. सौमित्र ऑफिसला जायला लागला होता. भेटायला येणाऱ्या बायका 'होईल पुन्हा' म्हणत होत्या. तुम्ही काहीच म्हणाला नाहीत, आणि मला सगळ्यांत जास्त राग तुमचा आला होता. मग एका सकाळी तुम्ही खोलीच्या दारात येऊन म्हणालात, "चल वर." मी म्हटलं, मला चालवत नाही. "जिना आहे. कठडा धर."

वर पाचोळ्याचा ढीग होता. "हात घाल," तुम्ही म्हणालात. मी घातला.

"काही जळतंय का आत?"

"जगतंय. हे मागच्या वर्षीचं ऊन आहे. पानांनी धरून ठेवलेलं. आता खाणारे खातायत, म्हणून ते सुटतंय."

"सगळंच सुटून जातं?"

"पुढच्याला मिळतो साधारण दहावा हिस्सा. बाकीचं ज्याचं त्याला जगायला लागतं."

"म्हणजे वाया गेलं."

तेव्हा तुम्ही चिडलात. तुम्ही शाळेत कशा चिडत असाल ते मला त्या दिवशी कळलं. "जगायला लागलं ते वाया कसं जाईल? काहीतरी बोलतेस." आणि हातात खुरपं दिलंत. "रडायचं तर रड. हात थांबवू नकोस."

मी रडत मेथी पेरली. तुम्ही पलीकडच्या वाफ्यात पाठ करून बसला होतात. उठलात तेव्हा तुमचा चेहरा मी पाहिला नाही, कारण तुम्ही तो दाखवला नाहीत.

ते माझ्या पोटात थोडे महिने होतं. त्याला जे लागलं ते त्याने घेतलं, जगलं. ते वाया गेलं नाही. हे मला कोणी सांगितलं असतं तर मी उठून गेले असते. तुम्ही सांगितलं नाहीत. तुम्ही पानांविषयी बोलत होतात.

पुढे सौमित्रचं आणि माझं जे झालं त्यात त्या डिसेंबराचा किती भाग होता, हे मी आता मोजत नाही. निघायच्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होतात. म्हणालात, "माझा मुलगा आहे तो. मी त्याच्या बाजूने राहणार. फोन करू नकोस, मला अवघड होईल." मी पहिली दोन वाक्यं घेऊन गेले. इतके दिवस तीच ऐकत होते. 'मला अवघड होईल' हे शेवटचे शब्द मला या महिन्यात ऐकू आले.

मला आभार मानायचे आहेत. आभार तुम्हाला आवडत नाहीत. 'कशाबद्दल ते नेमकं लिही' असं तुम्ही समासात लिहाल. म्हणून नेमकं लिहिलं. त्या सकाळबद्दल. जिन्याबद्दल. दारातल्या बायकांसारखं न बोलल्याबद्दल. चिडल्याबद्दलही.

आता मातीचं. मोठं गांडूळ एकही सापडलं नाही. पण आज ढेकळांत मोहरीहून थोडे मोठे, पिवळसर दाणे दिसले. लिंबासारखे, दोन्ही टोकांना निमुळते. हे त्यांचे कोष असावेत असा माझा अंदाज आहे. निरीक्षण तुम्ही केलंत तर बरं.

पाडवा रविवारी आहे. द्वारकाबाईंनी मुदत मागे घेतलेली नाही. मी विचारलेलंही नाही, भीती वाटते. काढायला सांगितली तर कुठे न्यायची हे मला माहीत नाही. त्याआधी तुम्ही एकदा पाहावी असं वाटतं. लिफ्ट आहे. गच्चीला शेवटचा एक जिना चढावा लागतो.

भाग्यश्री


वारजे, ३० मार्च, पाडवा

बाई,

काल तुम्ही येऊन गेलात आणि आज मी तुम्हाला पत्र लिहिते आहे. समोर बोलता आलं नाही म्हणून.

रिक्षातून आधी दीनानाथ काका उतरले. मला वाटलं, ते एकटेच आलेत, निरोप घेऊन. मग तुमची काठी दिसली. तुम्ही मला 'कशी आहेस' विचारलं नाहीत. "कुठल्या बाजूला आहे?" एवढंच. शेवटच्या जिन्यावर काका हात द्यायला आले तर म्हणालात, "तुम्ही स्वतःला सांभाळा." तुम्ही बारीक झाला आहात. हे मी तिथे म्हणू शकले नाही.

द्वारकाबाई गुढीची काठी धुवायला वर आल्या होत्या. त्यांनी तुम्हाला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"तुमी हिच्या कोन?"

काका टाकीकडे बघायला लागले.

"मी हिला शिकवते," तुम्ही म्हणालात.

शिकवत होते असं म्हणाला नाहीत. माझ्या ते लक्षात आलं. द्वारकाबाईंना काहीच फरक पडला नाही. त्यांनी खुर्ची आणली.

"काय शिकवता? नुसता कचरा करून ठेवलावता हिनं."

"तोच शिकवते," तुम्ही म्हणालात. "कचरा कसा करायचा."

काकांना ठसका लागला. द्वारकाबाई हसल्या. त्यांचं हसणं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्या दिवसातलं मोठं काम तिथेच झालं असावं.

तुम्ही बसून मातीची मूठ मागितलीत. मी दिली. तुम्ही ती दाबलीत, उघडलीत, वास घेतलात, चष्मा वर करून डोळ्यांजवळ नेलीत. मी परीक्षेला बसल्यासारखी उभी होते. तुमच्या तळहातावर एक कोष होता आणि त्याच्या टोकाशी पांढरा, दोऱ्यासारखा एक जीव हलत होता. दोऱ्याहूनही बारीक. तुम्ही द्वारकाबाईंना जवळ बोलावलंत.

"हे काय हाय?"

"गांडुळाचं पोर."

"एवढुस्सं?"

"आपण केवढे होतो?"

त्या वाकून बघत राहिल्या. शेवटी सरळ होऊन म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग. पर गुढीच्या कोपऱ्यात न्हाय. तिकडं टाकीकडं सरकवा." आणि काठी घेऊन गेल्या.

आज सकाळी त्यांनी गुढी उभारली. प्रसाद द्यायला वर बोलावलं. काल रात्रीच्या मटारच्या टरफलांची पिशवी ढिगाशेजारी ठेवलेली होती. कोणी ठेवली ते त्या बोलल्या नाहीत, मीही विचारलं नाही. पण गाठ मारलेली होती, ती मी सोडली आणि टरफलं पाचोळ्याखाली घातली.

कालचं एक राहिलं. रिक्षात बसताना तुम्ही डबा काढलात, स्टीलचा, आणि माझ्या हातात दिलात. मला वाटलं, खायचं काही आणलंय. रिकामा होता. "दोन मुठी घाल," म्हणालात. मी पळत वर जाऊन भरून आणला. तुम्ही माझ्याकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही. त्या घरात सहा वर्षं मी घेत होते. परत काय द्यायचं हे मला कधी कळलं नाही, आणि तुम्ही तशी जागाही ठेवली नव्हतीत. काल डबा भरताना घाईत माती सांडली.

डबा मांडीवर ठेवून तुम्ही समोर बघत म्हणालात, "तिथे गॅलरी आहे. पूर्वेची. कुंड्या आणून पडल्यात. मला आता वाकता येत नाही."

मग रिक्षावाल्याला म्हणालात, "चला, मीटर काय हवा खायला टाकलंय का?"

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाल्यावर मला कळलं तुम्ही काय बोललात ते.

चिपाड मी घेऊन येते, तुमच्याकडे शोधू नका. गुरुवारी सुट्टी टाकली आहे. मला वाकता येतं.

भाग्यश्री